गोल बोडीचे अकरा फेरे

माझी नणंद बेनाबाई डोक्यावर शिलाई मशीन घेऊन माहेरी परत आली, त्या वर्षीची ही गोष्ट. मशीनचं नुसतं वरचं मुंडकं तिनं आणलं होतं. लोखंडी पाय सासरीच राहिले. मी तिला घ्यायला फाट्यापर्यंत गेले होते. चालता चालता विचारलं, "बेनाबाई, याचे पाय कुठी?"

"नवऱ्याजवळ ठेवून आली," ती म्हणाली. "सोताच्या पायावर तर तो कधी उभा राह्यला नाही. याच्यावर तरी राहील."

दसरा होऊन आठवडा झाला होता. बोडीच्या पाळीवर चढलो तर दहा-पंधरा माणसं गोळा झालेली. मधे गिरजा मान खाली घालून बसली होती, लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. आणि तिचा म्हातारा सासरा गुडघे टेकून, दोन्ही हात मागं धरून, जमिनीला नाक लावत होता.

"माती लागली नाही," खोपीच्या दारातून नत्थूशेठ बोलला. "अजून एकदा."

म्हाताऱ्यानं अजून एकदा नाक घासलं.

"हे काय होय वो, वयनी?" बेनाबाईनं मला कोपरानं ढोसलं. "अन् तुमी सारे पाहून राह्यले?"

"घरी चला," मी म्हटलं. "सांगते."

बोडी म्हणजे लहान तळं. आमच्या भागातल्या तळ्यांना एका अंगानं पाळ असते, बाकीच्या अंगांनी जमीनच उतरत येते. आमची बोडी तशी नव्हती. ती थाळीसारखी गोल होती आणि चारी बाजूंनी मातीची पाळ. ती पाळ घालायला कोणे काळी काठाजवळूनच माती उपसली होती, म्हणून पाणी काठाला खोल आणि मधोमध उथळ. त्या मधल्या उंचवट्यावर आम्ही ढिवर बायका शिंगाड्याचे वेल लावायचो. मासे पुरुषांचे, शिंगाडा बायकांचा, ही वाटणी माझ्या आजेसासूच्याही आधीची.

त्या वर्षी ज्येष्ठात आम्ही वेल लावले आणि श्रावणात बोडीचा ठेका बाहेरगावच्या नत्थूशेठनं घेतला. कागदावर 'बोडीतील सर्व उत्पन्न' असं होतं. शेठ म्हणाला, सर्व म्हणजे सर्व. त्यानं आमचे डोंगे, खोडाच्या होड्या, साखळीनं बांधून टाकले आणि पाळीवर रतिराम नावाचा राखणदार बसवला.

रतिराम शेजारच्या गावचा. काटक, उंच, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, शर्यतीत दोनदा फेटा जिंकलेला. पण त्याला पोहता येत नव्हतं. बाई मडकं पोटाखाली घेऊन पाण्यात शिरली की तो काठावरून नुसता पाहत राहायचा. मग शेठनं नियम काढला. बाई पाण्यात आहे तोवर तिला कोणी काही करायचं नाही. बाहेर निघून पाळीच्या माथ्यावर तिचे दोन्ही पाय टेकले आणि तोवर तिच्या अंगाला रतिरामचा हात लागला नाही, तर ती सुटली, शिंगाडे तिचे. हात लागला तर शिंगाडे शेठचे आणि बाईला खोपीत बसवायचं. तिच्या घरातल्या सगळ्यांत वडील माणसानं येऊन शेठच्या पायापाशी नाक घासलं, की मग तिला सोडायचं.

शेठ याला खेळ म्हणायचा. तोवर पाच बायका पाण्यात शिरल्या होत्या. पाचही खोपीत बसल्या होत्या.

घरी आल्यावर मी हे सगळं बेनाबाईला सांगितलं. माझे सासरे, मामाजी, ओसरीवर जाळं विणत बसले होते. नाव दसरू. वय सत्तरीच्या पुढं, पाठ मात्र ताठ. माझा नवरा नागपूरला रेल्वेच्या कामावर होता, तो दिवाळी-होळीला यायचा. घरात वडील माणूस म्हणजे मामाजीच.

"आपल्या घरून कोनी गेलं का नाही पाण्यात?" बेनाबाईनं विचारलं.

मी मामाजींकडं पाहिलं. त्यांनी जाळ्यातून डोळे वर केले नाहीत.

"मी कोनाच्या पायापाशी नाक घासणार नाही," ते म्हणाले. "ज्याले जायचं त्यानं जावं. धरली तर मी येणार नाही. मग तिथंच बसून राह्य म्हणा, पुढच्या पोळ्यापर्यंत."

"वेल मी लावले मामाजी," मी म्हटलं.

"मंग? मी का नाही म्हणून राह्यलो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अक्षरांच्या वर्गाला गेले. त्या वर्षी सरकारनं मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवण्याची मोहीम काढली होती. शाळेच्या ओसरीत आम्ही तेरा बायका बसायचो आणि गावातलीच दहावी झालेली नलू शिकवायची. मी तेव्हा चाळिशीच्या घरात होते. 'ब' आणि 'व' मधली तिरपी रेघ मला अजून दगा द्यायची. आकडे मात्र पटकन आले. वाटे घालताना, जाळ्याची भोकं मोजताना आकडे आधीपासून बोटांत होतेच.

बायका कंटाळल्या की नलू एका जुन्या पुस्तकातून कोडी घालायची. त्या दिवशी तिनं खडूनं जमिनीवर मोठा गोल काढला.

"हे गोल तळं. मधोमध एक बाई आहे. काठावर वाघ. वाघाला पोहता येत नाही..."

"वाघ मस्त पोहते वो!" गिरजा म्हणाली. कालच्या गोष्टीनंतर ती पहिल्यांदाच बोलली. "माह्या बापानं नदीत पाह्यला."

"बरं, मग कुत्रा."

"कुत्र्यालेही पोहता येते."

"बरं बाई! मग माणूस धरा."

"कोन माणूस?"

"रतिराम धरा न!" मागून कोणी तरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. गिरजाही हसली. नलू मात्र गडबडली. शेठच्या खेळाशी कोडं जुळतं हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं.

"पुस्तकात असं आहे," ती हळू म्हणाली. "बाई जितकं पोहते, त्याच्या चौपट तो काठावरून धावतो. बाई जिकडं जाईल तिकडं तो आधी जाऊन उभा राहतो. तर बाई सुटेल का?"

"सरळ काठ धरायचा, अन् काय!" गिरजा म्हणाली.

"मधून काठापर्यंत पोहायला शंभर हात मारावे लागतात असं समजा. तो अगदी उलट्या काठावर असला तरी त्याला अर्धाच फेरा धावायचा." नलूनं पाटीवर बराच वेळ आकडे मांडले. "तुमचे ऐंशी हात व्हायच्या आत तो तिथं पोचतो. वीस हात आधी."

 पाचजणी नेमक्या अशाच धरल्या गेल्या होत्या.

"मग सुटते कशी?" मी विचारलं.

"माहीत नाही, काकू. उत्तरं शेवटच्या पानांवर होती. ती वाळवीनं खाल्ली."

"अन् हा काठावरचा मानूस थकत नाही का?"

"गणितात कोणी थकत नाही," नलू म्हणाली.

मी घरी गेले, पण तो खडूचा गोल डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं बोडीत उतरले. नुसतं पोहायला मनाई नव्हती. वेलांच्या तुकड्यात आमचा खुणेचा बांबू रोवलेला होता. काठापासून बांबूपर्यंत हात मोजत गेले. बरोबर शंभर भरले. मग मी उगाच इकडं तिकडं सरकत राहिले आणि रतिराम माझ्यासोबत पाळीवरून फिरत राहिला. त्याचा एक पुरता फेरा होईस्तोवर माझे एकशे साठेक हात व्हायचे. म्हणजे अर्धा फेरा ऐंशी. नलूचं गणित खरं होतं.

"अवो बाई," तो काठावरून ओरडला, "घ्यायचं ना देयाचं, काहून फिरवून राह्यली मले?"

"तुले कोन म्हणते फिर म्हणून?" मी ओरडले. "बैस न सावलीत!"

"शेठ पाह्यते ना वो!"

मी वेलांच्या भोवती पोहू लागले. तो तुकडा अंगणाएवढा होता. त्याला वळसा घालायला मला फार हात लागत नव्हते. डोकं वर काढून पाहिलं तर रतिरामचा लाल फेटा माझ्या बरोबरीनं नव्हता. थोडा मागं होता. आणखी एक वळसा घातला. फेटा आणखी मागं. मी लहानशा गोलात फिरत होते आणि त्याला अख्खी बोडी फिरावी लागत होती. तो धावत होता, तरी मागं पडत होता.

मी पाण्यात थांबले. 

घरी येऊन मी बेनाबाईला अंगणातल्या धुळीत बसवलं. हातातली काचेची बांगडी काढून धुळीत ठेवली. "ही पाळ. आता मधे ठेवायले लहान गोल पाहिजे."

बेनाबाईनं पाय पुढं केला, अंगठ्याशेजारच्या बोटातलं जोडवं ओढून काढलं आणि बांगडीच्या मधोमध ठेवलं. "घे. माह्या लग्नाचा येवढा तरी उपयोग होऊ दे."

तुरीचा दाणा म्हणजे मी, चिंचोका म्हणजे रतिराम. दाणा जोडव्यावरून फिरवायचा, चिंचोका बांगडीवरून. काही वेळानं चिंचोका मागं पडत पडत बरोबर पलीकडं गेला. दाणा जोडव्याच्या एका टोकाला, चिंचोका बांगडीच्या उलट्या टोकाला.

"हे जोडवं बांगडीच्या जेमतेम चौथाईएवढं. म्हणजे मधला बांबू सोडून मी पंचवीस हात पुढं आली आहे," मी म्हटलं. "काठ उरला पंच्याहत्तर. अन् त्याले लागतात ऐंशी."

बेनाबाईनं बोटानं धुळीत पाच रेघा ओढल्या. मग म्हणाली, "पाच हात."

"पाच."

"पाच हातावर बाबाचं नाक ठेवून राह्यली तू, वयनी."

"त्यायचं नाही. ते येनारच नाहीत. माहं ठेवून राह्यली."

ओसरीवरून मामाजींचा आवाज आला. "ओटीत शिंगाडे बांधून मोज. रिकामी मोजशील तर फसशील."

मी ओटीत ओली वाळू बांधून पुन्हा मोजलं. दोन हात कमी झाले. तीन उरले.

रविवारी मी उतरले. त्या दिवशी शेठनं पाहुणे बोलावले होते. आजूबाजूच्या गावांत मंडईची तयारी सुरू होती, तिथले दोन-तीन व्यापारी, एक सायकलवाला पुढारी. पळसाच्या सावलीत पाळीवर सहा खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळचं ऊन कडक होतं. मी वेलांपर्यंत गेले, निवांत शिंगाडे तोडले, ओटीत घट्ट बांधले. गावातल्या बायका पाळीच्या बाहेरून पाहत होत्या. गिरजा होती, नलू होती, बेनाबाई होती.

"मासोळी निघाली रे!" खुर्चीवरून एकजण ओरडला. "रतिराम, गमछा कस!"

"ही तर म्हातारी मासोळी हाय," दुसरा म्हणाला. "हिले तर मीही धरीन."

"उठा न मंग खुर्चीवरून," बेनाबाई ओरडली. "उठता येते का पाहा आधी!"

मी फिरायला सुरुवात केली. आधी वेलांना धरून लहान गोल. रतिराम धावू लागला. तो मागं पडायला लागला तसा मी हळूहळू गोल वाढवत नेला. मधेच तो उलटा वळला, मीही वळले. तो थांबला तशी मी त्याच्यापासून दूरच्या बाजूला सरकले, आणि शेठ खोपीतून बोंबलला, "थांबतो काय? पगार पळायचा घेतो का थांबायचा?" तो पुन्हा धावू लागला.

खुर्च्यांवरचे पहिल्यांदा हसत होते. मग त्यांनी फेरे मोजायला सुरुवात केली. चार. पाच. प्रत्येक फेऱ्याला रतिराम खुर्च्यांपुढून जायचा आणि ते टाळ्या वाजवायचे, बैलाला ओरडतात तसे ओरडायचे. माझ्या कानावर पाणी होतं तरी ते ऐकू येत होतं. सात. आठ. त्याचा फेटा सुटला, तो पाळीवर पडला, त्यानं उचलला नाही. मी पाण्यात फिरत राहिले.

अकराव्या फेऱ्याला, तो बरोबर माझ्या पाठीमागच्या काठावर असताना, मी सरळ गावाकडची पाळ धरली.

त्या पंच्याहत्तर हातांतला प्रत्येक हात मी मोजला. मान वळवून पाहिलं नाही. साठ. सत्तर. मातीला हात लागला. गवताला धरून अंग वर ओढलं, ओटी जड झाली, गुडघा सोलला, आणि मी पाळीच्या माथ्यावर दोन्ही पाय टेकून उभी राहिले.

माझ्या अंगाला कोणाचा हात लागला नव्हता.

बायकांनी असा ओरडा केला की बोडीवरचे बगळे उडाले. मी डावीकडं पाहिलं, रतिराम नव्हता. उजवीकडं पाहिलं, नव्हता. मग तो दिसला. पलीकडच्या काठावर, माझ्याकडं यायच्या वाटेच्या अर्ध्याच्याही अलीकडं, पाळीच्या आतल्या उतारावर पालथा पडला होता आणि गवतावरून हळूहळू खाली घसरत होता.

"अरे ऊठ रे!" खुर्चीवरचा हसत म्हणाला. "झोपला काय!"

रतिरामचं डोकं पाण्यात गेलं. मग खांदे गेले. तिथं काठाला दोन पुरुष पाणी होतं.

खुर्च्यांपैकी कोणी उठलं नाही. त्यांना पोहता येत नसेल, किंवा अजून खेळच चालू आहे असं वाटत असेल. मी पाळीवरून धावले. धावता धावता ओटीची गाठ सोडली, शिंगाडे मागं सांडत गेले, आणि जिथं बुडबुडे होते तिथं उडी मारली. केस हाताला लागले. केसांना धरून त्याला वर आणलं, बगलेत हात घालून काठाला ओढला, उपडा केला, पाठीवर बुक्क्या मारल्या. त्याच्या तोंडातून पाणी आलं. मग त्यानं श्वास घेतला आणि माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट पकडलं. बुडता माणूस पकडतो तसं.

तेव्हा शेठ खोपीतून खाली आला. त्यानं आमच्याकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं पाहिलं, आणि टाळी वाजवली.

"धरली! हात लागला का नाही? सगळ्यांनी पाह्यलं!"

"ती सुटली होती," नलू ओरडली. "दोन्ही पाय टेकले होते!"

"टेकले होते. अन् मंग परत पाण्यात गेली ना? गेली तर खेळ नव्यानं सुरू. आता निघाली तर हात लागला." तो माझ्याकडं वळला. "चल बाई खोपीत. बोलाव तुह्या सासऱ्याले. लय दिवसांपासून त्या म्हाताऱ्याची वाट पाहून राह्यलो मी."

मी खोपीत जाऊन बसले. भांडले नाही. दम नव्हता, आणि मामाजी येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी भिंतीला पाठ टेकली आणि पोळा किती महिन्यांवर आहे ते बोटांवर मोजू लागले.

ते आले. बेनाबाईनं धावत जाऊन सांगितलं होतं. अंगात धुतलेला सदरा, हातात काठी. पाळ चढताना त्यांनी कोणाचा हात धरला नाही. खुर्च्यांपुढून चालत आले, शेठपुढं उभे राहिले.

"ये दसरू," शेठ म्हणाला. "नियम ठाऊक हाय ना?"

"हाय," मामाजी म्हणाले. "ज्याले धरलं, त्याच्या वडील मानसानं नाक घासायचं."

"हाव."

"आधी एक विचारतो. मंग पाहू."

रतिराम पाळीवर बसून अजून ओकत होता. मामाजी त्याच्याजवळ गेले आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"रतिराम, पोरा. खरं सांगजो. तू पाण्यात होता?"

"होतो जी, बाबाजी."

"तू तिले धरलं का तिनं तुले धरलं?"

रतिराम शेठकडं पाहू लागला. शेठनं त्याच्यावर डोळे वटारले. त्या नोकरीवर रतिरामचं घर चालायचं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. रतिरामनं तोंडावरचं पाणी पुसलं.

"बाईनं धरलं," तो म्हणाला. "माह्या केसाले धरलं. आधी तिचा हात लागला. माहा मंग लागला."

मामाजी काठी टेकून उठले.

"ऐकलं, शेठ? धरला गेला तो तुहा मानूस. धरला माह्या सुनेनं. त्याचं इथं वडील मानूस कोन हाय? तू." त्यांनी काठीच्या टोकानं जमिनीवर, जिथं आठवड्याभरात पाच म्हाताऱ्यांनी नाक घासलं होतं, तिथं हलकेच टोचलं. "नियम तुहाच हाय. घास."

 मग सायकलवाला पुढारी हसला. आधी नाकातून, मग मोठ्यानं. व्यापारीही हसले. त्यांना तरी काय, हसायला कोणीही चालत होतं.

शेठनं अर्थात नाक घासलं नाही. तो मामाजींना घाणेरडं बोलला, आमच्या जातीला बोलला, रतिरामला म्हणाला, उद्यापासून येऊ नको. मग पाहुण्यांना घेऊन निघून गेला. खुर्च्या तशाच राहिल्या. मामाजी त्यातल्या एकीवर बसले आणि म्हणाले, "सूनबाई, बाहेर ये. शिंगाडे सांडले आहेत, ते वेच."

दुसऱ्या दिवशी आम्ही अकराजणी एकदम पाण्यात शिरलो. पाळीवर कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी डोंग्यांच्या साखळ्या गिरजानं सब्बलीनं तोडल्या. शेठनं मासे नेले, ठेका संपेपर्यंत नेले. शिंगाड्यांना त्यानं पुन्हा हात लावला नाही. नव्या लिलावाच्या वेळी आम्ही कागदावर 'शिंगाडा वगळून' असं घालायला लावलं. ते दोन शब्द मी स्वतः बोट ठेवून वाचले आणि मगच माणसांना अंगठे उठवू दिले.

आता जे सांगते, ते मी मामाजींना कधी सांगितलं नाही.

कार्तिकात मी पदरात उकडलेले शिंगाडे घेऊन रतिरामच्या गावी गेले. तो खाटेवर बसला होता, उन्हाकडं पाठ करून. बायकोनं मला पाणी दिलं आणि ती आत गेली. त्याला दोन पावलं चाललं की धाप लागत होती. बारका झाला होता. मी शिंगाडे त्याच्यापुढं ठेवले.

"किती फेरे झाले वो, बाई?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"मले बारा वाटले." त्यानं एक शिंगाडा सोलून तोंडात टाकला. "तिसऱ्याच फेऱ्याले मी बरोबर तुह्या पाठीमागं होतो. उलट्या काठावर. मले समजलं होतं, आता ही निघते."

 तो खरं बोलत होता. तिसऱ्या फेऱ्यालाच मी निघू शकत होते. चौथ्याला निघू शकत होते. पाचव्याला, सहाव्याला, प्रत्येक फेऱ्याला तो बरोबर माझ्या उलट्या काठावर होता, कारण मी त्याला तसं ठेवलं होतं.

"मंग थांबला काहून नाही?" मी विचारलं.

"ते खुर्च्यायवर बसून पाहून राह्यले होते ना," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "अन् तू काहून नाही निघाली?"

"ते खुर्च्यायवर बसून पाहून राह्यले होते ना," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला आधीपासून माहीत होतं. "टाळ्या वाजवत होते. मले वाटलं, यायले दाखवतो."

"मलेही तेच वाटलं, भाऊ."

मी निघाले तेव्हा तो म्हणाला, "चांगली पोहतेस वो तू." त्याच्या बायकोनं मला कुंकू लावलं. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसाबद्दल लोक मला आजही विचारतात, आणि मी मान वर करून सांगते. वेल माझे होते. पाणी कोणाचं ते कागदावाल्यांनी पाहावं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाण्यात शिरेन. फक्त तिसऱ्या फेऱ्याला बाहेर निघेन.

मामाजी त्यानंतर सहा वर्षांनी वैशाखात वारले, म्हातारपणानं. रतिराम मात्र त्या अकरा फेऱ्यांच्याच वर्षी फाल्गुनात, होळीला चार दिवस असताना वारला. त्याचं वय चौतीस होतं.